जिवाणू संसर्गात एनके पेशींची स्मृती कशी तपासावी: नव्या अभ्यासकांसाठी मार्गदर्शक

नैसर्गिक मारक पेशी, म्हणजे प्रयोगशाळेत सर्वजण ज्यांना एनके पेशी म्हणतात त्या, १९७५ साली स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत रॉल्फ किसलिंग, एव्हा क्लाइन आणि हान्स विग्झेल यांनी आणि त्याच सुमारास अमेरिकेत रोनाल्ड हर्बरमन यांच्या गटाने वर्णिल्या. पूर्वी कधी गाठ पडलेली नसतानाही कर्कपेशी मारू शकणाऱ्या या लिम्फोसाइट (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) जन्मजात प्रतिकारव्यवस्थेत गणल्या गेल्या. जन्मजात व्यवस्थेला स्मृती नसते, हे गृहीतकही त्यांच्यासोबत पुढची तीस वर्षे पाठ्यपुस्तकांत टिकून राहिले. २००६ नंतर रसायने आणि विषाणू यांच्या प्रयोगांमुळे ते डळमळले. जिवाणूंच्या बाबतीत मात्र ठोस पुरावा यायला आणखी दहा-पंधरा वर्षे जावी लागली.

हा लेख जीवशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा वैद्यकाचे पदवी शिक्षण झालेल्या आणि या विषयातले शोधनिबंध वाचू किंवा स्वतः प्रयोग आखू इच्छिणाऱ्या नवागतांसाठी आहे. एकदा संसर्ग होऊन गेलेल्या प्राण्यात दुसऱ्या वेळी एनके पेशींचा प्रतिसाद वाढलेला दिसणे ही फार अवघड गोष्ट नाही. ती वाढ भोवतालच्या बदललेल्या वातावरणामुळे नसून एनके पेशीने स्वतःमध्येच जपून ठेवलेली आहे, हे दाखवणे मात्र खरोखर अवघड आहे. पुढील सर्व पायऱ्या याच एका फरकासाठी आहेत, आणि ज्या पायरीवर हा फरक सर्वांत सहज निसटतो तिथे मी अधिक थांबलो आहे.

पहिली पायरी: कशाला स्मृती म्हणायचे ते आधी लिहून काढा

प्रयोगाच्या वहीत पहिल्याच पानावर तीन अटी लिहाव्यात. पहिली अट अशी की, पहिल्या संसर्गाचा जोर ओसरल्यावर पेशी विश्रांत अवस्थेत परतलेली असली पाहिजे. तिच्या पृष्ठभागावरील सीडी६९ सारख्या सक्रियतेच्या खुणा (‘सीडी’ आणि क्रमांक ही पेशीच्या पृष्ठभागावरील रेणूंची नावे आहेत) आणि तिच्यातील ग्रॅन्झाइम-बी या मारक विकराचे प्रमाण संसर्ग न झालेल्या प्राण्यातील पेशींइतके खाली आलेले असले पाहिजे. दुसरी अट, पुन्हा उद्दीपन मिळाल्यावर तिचा प्रतिसाद अनुभव नसलेल्या पेशीपेक्षा अधिक वेगवान किंवा अधिक तीव्र असला पाहिजे. तिसरी अट, हा गुण पेशी दुसऱ्या प्राण्यात नेल्यावरही तिच्यासोबत गेला पाहिजे आणि ती विभाजित झाली तर तिच्या संततीतही उतरला पाहिजे.

पहिली अट पूर्ण न करता दुसरी पूर्ण झाली, तर आपण पाहतो आहोत ती केवळ रेंगाळलेली सक्रियता असते. अनेक नवे अभ्यासक संसर्गानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी पेशी काढतात, त्या जास्त इंटरफेरॉन-गॅमा (भक्षक पेशींना चेतवणारे संदेशप्रथिन) तयार करताना पाहतात आणि त्याला स्मृती म्हणून मोकळे होतात. त्या वेळी प्राण्याच्या शरीरात इंटरल्युकिन-१२ आणि इंटरल्युकिन-१८ ही एनके पेशींना चेतवणारी सायटोकाइन, म्हणजे पेशींमधील संदेशप्रथिने, अजून भरपूर असतात, त्यामुळे त्या निरीक्षणातून स्मृतीबद्दल काहीही सिद्ध होत नाही.

तिसऱ्या अटीचे महत्त्व पेशीच्या आयुष्यावरून लक्षात येते. उंदराच्या रक्तातील प्रौढ एनके पेशींचे अर्धायुष्य साधारण एक ते दोन आठवड्यांचे असते. तरीही काही महिन्यांनंतर गुणधर्म टिकलेला दिसत असेल, तर एक तर काही पेशी जास्त जगल्या असल्या पाहिजेत किंवा पेशींनी तो गुण आपल्या संततीकडे सोपवलेला असला पाहिजे.

दुसरी पायरी: पूर्वीचे काम योग्य क्रमाने वाचा

जिवाणूंच्या निबंधांकडे थेट उडी घेऊ नये. प्रथम २००६ चा, उली फॉन आंद्रियान यांच्या प्रयोगशाळेतील हॅप्टेनचा, म्हणजे प्रथिनाला चिकटल्यावरच प्रतिकारव्यवस्थेला जाणवणाऱ्या लहान रसायनाचा, प्रयोग वाचावा. टी आणि बी पेशी मुळातच नसलेल्या उंदरांच्या त्वचेवर विशिष्ट रसायन लावले, काही आठवड्यांनी तेच रसायन पुन्हा लावले, आणि त्या रसायनापुरताच दाहाचा प्रतिसाद वाढलेला दिसला. हा गुण यकृतातील एनके पेशींसोबत दुसऱ्या उंदरात नेता आला. त्यानंतर २००९ चे दोन निबंध शेजारी ठेवून वाचावेत. लुईस लॅनियर यांच्या प्रयोगशाळेत जोसेफ सन यांनी दाखवले की उंदरांच्या सायटोमेगॅलोव्हायरसचे एम१५७ हे प्रथिन ओळखणारा एलवाय४९एच ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे विशिष्ट रेणू ओळखणारे पृष्ठभागावरील प्रथिन) ज्या एनके पेशींवर असतो, त्याच पेशी वाढतात, ओसरतात आणि नंतर कित्येक आठवडे स्मृतिपेशींप्रमाणे वागतात. त्याच वर्षी वेन योकोयामा यांच्या प्रयोगशाळेत मेगन कूपर यांनी कोणतेही प्रतिजन न वापरता, केवळ इंटरल्युकिन-१२, १५ आणि १८ यांच्या साहाय्याने एनके पेशींना दीर्घकाळ टिकणारी तयारी देता येते हे दाखवले.

हे दोन निबंध एकत्र वाचले की एनके स्मृतीचे दोन वेगळे मार्ग स्पष्ट होतात: एक ग्राहकाने नेमके लक्ष्य ओळखल्यामुळे निर्माण होणारा, दुसरा दाहकारक सायटोकाइनांच्या लाटेतून निर्माण होणारा. जिवाणू संसर्गात दुसरा मार्ग जवळजवळ नेहमीच उपलब्ध असतो. बृहद्भक्षक पेशी (मॅक्रोफेज) आणि डेंड्रायटिक पेशी टोलसदृश ग्राहकांमार्फत जिवाणूंचे घटक ओळखतात, इंटरल्युकिन-१२ सोडतात, इन्फ्लमेझोम या पेशीतील प्रथिनसमूहामार्फत इंटरल्युकिन-१८ सक्रिय करतात, आणि त्यावर एनके पेशी इंटरफेरॉन-गॅमा सोडून त्याच भक्षक पेशींना गिळलेले जिवाणू मारण्यासाठी अधिक सक्षम करतात. म्हणून जिवाणूंच्या संदर्भात ‘विशिष्ट’ स्मृतीचा दावा दिसला की वाचकाने अधिक सावध व्हावे.

आता जिवाणूंकडे यावे. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील दोन निबंध माझ्या मते नवागतासाठी सर्वांत उपयुक्त आहेत, कारण ते एकाच गटाचे असूनही वेगळी उत्तरे देतात. ओर्हान रासिद आणि मेलानी आमोन यांच्या २०१९ च्या निबंधात उंदरांना जिवाणूंच्या बाह्य आवरणातील लिपोपॉलिसॅकराइड टोचले होते. त्यानंतर किमान ९ आठवडे एनके पेशी दुसऱ्या उद्दीपनाला अधिक इंटरफेरॉन-गॅमा देत राहिल्या आणि दुसऱ्या उंदरात नेल्यावर ई. कोलाय संसर्गाविरुद्धच्या संरक्षणाला त्यांचा हातभार लागला. २०२३ मध्ये याच गटाने स्ट्रेप्टोकोकस न्यूमोनी, म्हणजे न्यूमोकोकस, याचा प्राणघातक नसलेला संसर्ग देऊन दाखवले की त्या उंदरांच्या एनके पेशी नव्या उंदरात सोडल्यास प्राणघातक संसर्गापासून किमान १२ आठवडे संरक्षण मिळते. पहिल्या प्रयोगात गाभा इंटरफेरॉन-गॅमाचा होता, तर दुसऱ्यात संरक्षण परफोरिनवर (लक्ष्यपेशीच्या पटलाला भोके पाडणाऱ्या प्रथिनावर) अवलंबून होते आणि इंटरफेरॉन-गॅमावर अवलंबून नव्हते. एका प्रयोगातील मोजमापाची पद्धत डोळे झाकून दुसऱ्यात उचलली, तर खरी स्मृतीही हातून निसटू शकते, हे यावरून दिसते.

तिसरी पायरी: पेशी नेमकी ओळखा

माणसाच्या रक्तातील लिम्फोसाइटांपैकी साधारण ५ ते १५ टक्के एनके पेशी असतात. सीडी३ नसलेल्या आणि सीडी५६ असलेल्या पेशी अशी त्यांची प्राथमिक ओळख असते, आणि रक्तातील सुमारे ९० टक्के एनके पेशी सीडी५६ कमी असलेल्या गटातील असतात. फ्लो सायटोमीटरवर (रंगवलेल्या पेशी एकेक करून ओळखणाऱ्या यंत्रावर) मृत पेशी वगळणारा रंग आणि बी पेशी व मोनोसाइट बाजूला काढणाऱ्या सीडी१९ व सीडी१४ या खुणा वापरल्याशिवाय गेटिंग, म्हणजे पेशींच्या गटांची निवड, करू नये, कारण मृत पेशींना प्रतिपिंडे चिकटतात आणि नसलेले गट दिसू लागतात. येथे एक गोष्ट हमखास दुर्लक्षित राहते. सक्रिय झालेली मानवी एनके पेशी आपल्या पृष्ठभागावरील सीडी१६ कापून टाकते आणि तिचे सीडी५६ वाढते. त्यामुळे उद्दीपनानंतरच्या नमुन्यात केवळ सीडी१६ आणि सीडी५६ यांवरून उपगट ठरवले, तर एका गटातील पेशी दुसऱ्यात मोजल्या जातात. उपगट उद्दीपनापूर्वी वेगळे करून ठेवणे हाच यावरचा सुरक्षित उपाय आहे.

उंदरांच्या बाबतीत सी५७ब्लॅक/६ जातीत एनके१.१ ही खूण उपयोगी पडते, पण बाल्ब/सी जातीत ती नेहमीच्या प्रतिपिंडाने दिसत नाही. तेथे एनकेपी४६ किंवा डीएक्स५ वापरावे लागते. यकृतात एनके पेशींसारख्याच दिसणाऱ्या आयएलसी१ पेशी (जन्मजात लिम्फॉइड पेशींचा एक प्रकार) मोठ्या संख्येने असतात, आणि त्या सीडी४९ए असलेल्या पण डीएक्स५ नसलेल्या असतात. यकृतातील स्मृतीचा अभ्यास करणाऱ्याने हा भेद केला नाही, तर निबंधाचे शीर्षकच चुकण्याचा धोका असतो.

चौथी पायरी: जिवाणू आणि त्याची मात्रा ठरवा

न्यूमोकोकस हा सुरुवातीसाठी चांगला पर्याय आहे. तो जैवसुरक्षा पातळी २ मध्ये हाताळता येतो, रक्तयुक्त अगारावर त्याच्या वसाहतींभोवती हिरवट वलय येते म्हणून मोजणी सोपी होते, आणि तो मुख्यतः पेशींच्या बाहेर वाढतो. त्याचे १०० हून अधिक सीरोटाइप (बाह्य आवरणावरून ठरणारे उपप्रकार) आहेत, त्यामुळे पहिल्या आणि दुसऱ्या संसर्गात कोणता सीरोटाइप वापरला हे स्पष्ट लिहिले पाहिजे. क्षयाच्या जिवंत जिवाणूसाठी पातळी ३ ची प्रयोगशाळा लागते आणि संसर्ग पूर्णपणे साफ होत नाही. म्हणून पहिली अट, विश्रांत अवस्थेत परतण्याची, त्या नमुन्यात पूर्ण करणे फार कठीण आहे. नवागताने त्या वाटेने सुरुवात करू नये असे मला ठामपणे वाटते.

पहिल्या संसर्गाची मात्रा अशी असावी की प्राणी आजारी पडेल, पण बरा होईल. मात्रा फार कमी असेल तर सायटोकाइनांची लाटच उठत नाही. फार जास्त असेल तर जिवंत राहिलेले प्राणी हे निवडून उरलेले प्राणी ठरतात आणि त्यांची तुलना नियंत्रण गटाशी करता येत नाही. शिवाय एनके पेशी नेहमी हितकारक असतात असे मानू नये. उंदरांमधील जंतुदोषाच्या (सेप्सिसच्या) काही प्रायोगिक नमुन्यांत त्यांचा अतिरेकी प्रतिसादच अवयवांची हानी वाढवतो. प्रत्येक प्रयोगाच्या दिवशी टोचलेल्या द्रावणाचा थेंब अगारावर पसरून प्रत्यक्ष किती जिवाणू दिले हे मोजावे, कारण गोठवलेल्या साठ्यातील जिवंत जिवाणूंची संख्या महिन्यागणिक घटते.

भारतात प्राण्यांवरील प्रयोगासाठी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची आणि जिवाणू हाताळणीसाठी जैवसुरक्षा समितीची मंजुरी आधी घ्यावी लागते. प्राणघातक संसर्गाच्या प्रयोगात प्राण्याला कोणत्या टप्प्यावर वेदनामुक्त मरण द्यायचे याचे निकष, उदाहरणार्थ वजनातील घट आणि हालचाल, अर्जातच लिहावेत. हे निकष आधी ठरलेले नसले, तर जगण्याचे आलेख एका गटापासून दुसऱ्या गटापर्यंत नकळत बदलतात.

पाचवी पायरी: विश्रांतीचा काळ मोजून सिद्ध करा

काही आठवडे थांबलो म्हणजे संसर्ग संपला असे मानणे पुरेसे नाही. फुप्फुस, प्लीहा आणि रक्त यांतून जिवाणूंच्या वसाहती वाढवून पाहाव्यात आणि त्या शून्य आल्या पाहिजेत. जिवंत जिवाणू नाहीसे झाले तरी त्यांच्या भित्तिकेचे तुकडे ऊतींमध्ये जास्त काळ राहू शकतात. म्हणून रक्तातील दाहकारक सायटोकाइन, एनके पेशींची संख्या, तसेच त्यांच्यावरील सीडी६९ आणि केएलआरजी१ (एनके पेशींच्या परिपक्वतेची एक खूण) यांचे प्रमाणही नियंत्रण गटाशेजारी ठेवून पाहावे. हा तक्ता निबंधात पहिल्या आकृतीत असायला हवा. दुसऱ्यांचे निबंध वाचतानाही मी सुचवेन की ही आकृती आधी शोधावी. ती पुरवणीतही सापडली नाही, तर पुढील दाव्यांवरचा विश्वास त्या प्रमाणात कमी करावा.

सहावी पायरी: दुसरे उद्दीपन पेशीलाच द्या

दुसरा संसर्ग त्याच प्राण्याला देणे मोहक वाटते, पण त्या प्राण्यात आता प्रतिपिंडे आहेत, स्मृती टी पेशी आहेत आणि प्रशिक्षित, म्हणजे पूर्वीच्या संसर्गाने अधिक तत्पर झालेल्या, बृहद्भक्षक पेशीही आहेत. न्यूमोकोकसविरुद्धची प्रतिपिंडे एनके पेशींच्या सीडी१६ ला जोडून त्यांना सक्रिय करू शकतात. स्मृती टी पेशी इंटरल्युकिन-२ सोडून एनके पेशींना जागे करतात. रेबीजच्या लशीनंतर दिसलेला एनके पेशींचा वाढीव इंटरफेरॉन-गॅमा प्रतिसाद असाच टी पेशींवर अवलंबून असल्याचे एलीनॉर रायली यांच्या गटाने २०१० मध्ये दाखवले. हा परिणाम आरोग्याच्या दृष्टीने खरा आणि महत्त्वाचा आहे, परंतु त्यातली स्मृती टी पेशीची आहे.

म्हणून एनके पेशी शुद्ध करून, प्राण्याबाहेर, तीन प्रकारचे उद्दीपन द्यावे: एकट्या सायटोकाइनांचे, एकट्या मारलेल्या जिवाणूंचे, आणि दोन्हींचे. पेशी शुद्ध करताना इतर पेशींना चिकटणारी प्रतिपिंडे वापरून त्या काढून टाकाव्यात आणि एनके पेशींना हात लावू नये. एनके१.१ ला प्रतिपिंड जोडल्यानेच पेशी सक्रिय होऊ शकते, त्यामुळे त्या खुणेवर चुंबकीय मणी लावून शुद्ध केलेल्या पेशींचा प्रयोग सुरुवातीलाच बिघडलेला असतो.

इंटरफेरॉन-गॅमा पेशीच्या आत मोजायचा असल्यास ब्रेफेल्डिन-ए वापरून तो आत अडवावा लागतो. विषारी कण बाहेर टाकण्याची क्रिया पाहायची असल्यास सीडी१०७ए चे प्रतिपिंड उद्दीपनाच्या सुरुवातीपासूनच माध्यमात ठेवावे लागते. मारण्याची क्षमता मोजण्यासाठी मानवी पेशींसमोर के५६२ आणि उंदरांच्या पेशींसमोर वायएसी-१ हे लक्ष्य वापरले जाते. ही दोन्ही कर्कपेशींची लक्ष्ये आहेत हे विसरू नये. त्यांच्याविरुद्धचा प्रतिसाद वाढला, तर ती व्यापक तयारी आहे, जिवाणूची ओळख नव्हे.

विशिष्टतेचा दावा करायचा असल्यास दुसऱ्या वेळी वेगळा जिवाणू देणारा गट अनिवार्य आहे. एनके पेशींचे ग्राहक टी पेशींप्रमाणे जनुके कापून-जोडून तयार होत नाहीत. ते जन्मतः मिळालेल्या संचातील असतात. जिवाणूचे प्रथिन थेट एनके ग्राहकाला जोडले गेल्याचे चांगले उदाहरण म्हणजे फ्युसोबॅक्टेरियम न्यूक्लिएटमचे एफएपी२, जे टिजिट या ग्राहकाला बांधले जाते. पण टिजिट हा पेशीला आवरणारा ग्राहक आहे, चेतवणारा नव्हे. न्यूमोकोकसच्या कामातही स्मृतीचा प्रतिसाद त्या जिवाणूपुरता असल्याचे दिसले, त्यामुळे त्यामागील ग्राहकाचा शोध हा या क्षेत्रातील सर्वांत आकर्षक प्रश्न आहे.

ज्यांच्याकडे प्राणीगृह नाही, त्यांनी मानवी रक्तातील एनके पेशींवर सायटोकाइनांची स्मृती बसवून सराव करावा. शुद्ध पेशींना इंटरल्युकिन-१२ दर मिलिलिटरला १० नॅनोग्रॅम, इंटरल्युकिन-१८ दर मिलिलिटरला ५० आणि इंटरल्युकिन-१५ दर मिलिलिटरला ५० नॅनोग्रॅम असे सुमारे १६ तास द्यावे, नीट धुवावे, आणि नंतर किमान ७ दिवस केवळ १ नॅनोग्रॅम इंटरल्युकिन-१५ मध्ये ठेवावे. नियंत्रण पेशींना सुरुवातीपासून १ नॅनोग्रॅम इंटरल्युकिन-१५ एवढेच मिळावे. धुणे अपुरे राहिले, तर आठवडाभराने मोजलेली वाढ उरलेल्या सायटोकाइनची असते. म्हणून शेवटच्या धुण्याच्या द्रवात इंटरल्युकिन-१८ उरले आहे का हे एलायझाने तपासावे.

सातवी पायरी: पेशी दुसऱ्या प्राण्यात न्या

संपूर्ण प्रयोगाचे वजन या पायरीवर असते, म्हणून येथे घाई करू नये. दाता आणि ग्राही उंदीर सीडी४५.१ आणि सीडी४५.२ या खुणांनी वेगळे ओळखता येतील असे निवडावेत, जेणेकरून ग्राहीच्या शरीरात हस्तांतरित पेशी शोधता येतील. उंदराच्या प्लीहेतील पेशींपैकी साधारण २ ते ५ टक्केच एनके पेशी असतात. त्यामुळे एका ग्राहीसाठी एकाहून अधिक दाते लागू शकतात आणि प्राण्यांची संख्या आधीच हिशेबात धरावी लागते. किमान तीन गट असावेत: अनुभवी एनके पेशी मिळालेले, तितक्याच संख्येने अननुभवी एनके पेशी मिळालेले, आणि पेशी न मिळालेले. दुसरा गट वगळणारे निबंध आजही दिसतात. अधिक एनके पेशी मिळाल्यामुळेही संरक्षण वाढू शकते, ही शक्यता तो गट नसल्यास उरतेच.

शुद्धतेचा हिशेब संख्येत मांडावा. ९८ टक्के शुद्धतेच्या ५ लाख पेशी दिल्या, तर त्यांत १० हजार इतर पेशी गेल्या, आणि त्यांपैकी काही शे स्मृती टी पेशी असल्या तरी त्या संरक्षण देऊ शकतात. यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे तेवढ्याच संख्येने केवळ त्या अशुद्ध पेशी देणारा गट ठेवणे; दुसरा, अधिक भक्कम पण खर्चिक, म्हणजे टी आणि बी पेशी नसलेल्या रॅग-विहीन उंदरांतून दाता पेशी घेणे. रॅग-विहीन दाते आणखी एक शंका दूर करतात. सामान्य उंदराच्या एनके पेशींच्या सीडी१६ वर पूर्वीच्या संसर्गातील प्रतिपिंडे चिकटून सोबत जाऊ शकतात, आणि मग जिवाणूची ओळख पेशीची नसून त्या प्रतिपिंडाची ठरते.

हस्तांतरापूर्वी शुद्ध पेशींचा एक भाग अगारावर पसरावा. त्यात एखादी जरी वसाहत उगवली, तर आपण पेशींसोबत संसर्गही दिला आहे. ग्राही उंदरांचे जगण्याचे प्रमाण आणि अवयवांतील जिवाणूंची संख्या ही दोन्ही मोजावी. जिवाणू तितकेच असूनही प्राणी जगत असतील, तर संरक्षणाचा अर्थ जिवाणू मारणे हा नसून हानी सहन करणे हा असू शकतो.

एनके पेशी नष्ट करून उलट बाजूने तपासणी करण्याची पद्धतही वापरात आहे, पण तिच्यावर एकटीवर विसंबू नये. पीके१३६ हे प्रतिपिंड एनके१.१ असलेल्या एनकेटी (एनके पेशींच्या खुणा असलेल्या टी पेशी) आणि आयएलसी१ पेशीही काढून टाकते, आणि असियालो-जीएम१ विरोधी प्रतिपिंडाचा फटका बेसोफिल आणि काही सक्रिय टी पेशींनाही बसतो.

आठवी पायरी: पेशी नेमके काय करते ते वेगळे करा

संरक्षण मिळाले हे कळल्यावर इंटरफेरॉन-गॅमा निष्प्रभ करणारे प्रतिपिंड आणि परफोरिन-विहीन दात्यांच्या पेशी अशा दोन्ही वाटा तपासाव्यात. उंदरांमधील निष्कर्ष माणसाला लावताना एक जैविक फरक ध्यानात ठेवावा: मानवी एनके पेशींच्या कणांत ग्रॅन्युलायसिन असते, जे जिवाणूंच्या पटलाला थेट भोके पाडते, उंदरांत त्याचे जनुकच नाही.

नववी पायरी: गुणसूत्रांवरील खूण शोधा, पण शेवटी

स्मृती टिकवण्याची जागा बहुधा क्रोमॅटिनमध्ये, म्हणजे डीएनए आणि तो ज्यांवर गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांत, असते. लिपोपॉलिसॅकराइडच्या प्रयोगात इंटरफेरॉन-गॅमाच्या जनुकाजवळ एक सुप्त वर्धक (जनुकाचे काम वाढवणारा डीएनएचा भाग) उघडा झालेला आढळला. तेथील हिस्टोन एच३ च्या चौथ्या लायसिनवर एक मिथाइल गट बसला होता. मिथाइल गट बसवणाऱ्या विकरांना रसायनाने रोखल्यावर तो वर्धकही नाहीसा झाला आणि स्मृतीही गेली. खूण सापडणे आणि खूण पुसल्यावर वर्तन बदलणे, या दोन्ही गोष्टी एकाच निबंधात दाखवल्यामुळे ते काम मला आदर्श वाटते. अटॅक-सीकसाठी (क्रोमॅटिनचे उघडे भाग शोधणाऱ्या पद्धतीसाठी) साधारण ५० हजार पेशी पुरतात, त्यामुळे आज हा प्रयोग अनेक प्रयोगशाळांच्या आवाक्यात आहे. मात्र संपूर्ण समूहाची सरासरी पाहताना, पेशी बदलल्या की पेशींच्या उपगटांचे प्रमाण बदलले, हे वेगळे करता येत नाही. त्यासाठी एकेका पेशीचे विश्लेषण किंवा उपगट आधी वेगळे करणे आवश्यक असते.

दहावी पायरी: मानवी नमुन्यांकडे वळताना

माणसात जिवाणूंशी निगडित एनके स्मृतीचा सर्वांत जास्त अभ्यास बीसीजी लशीमुळे झाला. १९२१ पासून माणसांना दिली जाणारी ही लस जिवंत पण दुर्बल केलेल्या मायकोबॅक्टेरियमची (क्षयाच्या जिवाणूच्या कुळातील जिवाणूची) आहे. नेदरलँड्समधील नायमेखन येथे मिहाई नेटेआ यांच्या गटाने २०१४ मध्ये निरोगी स्वयंसेवकांत दाखवले की लशीनंतर किमान तीन महिने त्यांच्या एनके पेशी मायकोबॅक्टेरियमला आणि त्याच्याशी संबंध नसलेल्या सूक्ष्मजीवांनाही अधिक दाहकारक सायटोकाइनांनी प्रतिसाद देतात. दक्षिण आफ्रिकेत सुप्त क्षयसंसर्ग असलेल्या प्रौढांना बीसीजी पुन्हा दिल्यावर एनके पेशींचा प्रतिसाद वर्षभर टिकल्याचे २०१६ मध्ये नोंदवले गेले. २०१८ च्या एका बहुगट अभ्यासात सुप्त संसर्ग असलेल्यांच्या रक्तात एनके पेशींचे प्रमाण वाढलेले, सक्रिय क्षयात घटलेले आणि उपचारानंतर पुन्हा सावरलेले दिसले. या शेवटच्या अभ्यासाचे महत्त्व मोठे आहे, पण तो पेशींच्या प्रमाणाविषयी आहे. त्यावरून वैयक्तिक पेशीच्या स्मृतीचा निष्कर्ष काढू नये.

महाराष्ट्रात किंवा भारतात कुठेही असा अभ्यास करायचा असल्यास युरोपातील आखणी जशीच्या तशी चालत नाही. येथे बहुतेकांना जन्मतःच बीसीजी मिळालेली असते, पर्यावरणातील मायकोबॅक्टेरियमशी संपर्क नेहमीचा असतो, आणि प्रौढांपैकी बहुसंख्यांना सायटोमेगॅलोव्हायरसचा संसर्ग लहानपणीच होऊन गेलेला असतो. हा विषाणू एनकेजी२सी आणि सीडी५७ असलेल्या अनुभवी एनके पेशींचा मोठा गट आयुष्यभरासाठी मागे ठेवतो, आणि तो गट जिवाणूंच्या स्मृतीसारखाच दिसू शकतो. त्यामुळे खरा अननुभवी नियंत्रण गट शोधण्यापेक्षा त्याच व्यक्तीचा लशीपूर्वीचा आणि नंतरचा नमुना घेणे अधिक योग्य ठरते. प्रत्येक सहभागीची सायटोमेगॅलोव्हायरस प्रतिपिंड चाचणी, इंटरफेरॉन-गॅमा मुक्तता चाचणी (क्षयसंसर्ग ओळखणारी रक्तचाचणी) आणि बीसीजीचा व्रण यांची नोंद आधीच करावी.

नमुना घेतानाची शिस्त निकालावर जितका परिणाम करते, तितका महागडा अभिकर्मक करत नाही. व्यायामानंतर लगेच रक्तातील एनके पेशींची संख्या वाढते, म्हणून सहभागी व्यक्तीला जिने चढून आल्यावर काही वेळ शांत बसवावे आणि सर्व नमुने दिवसाच्या एकाच वेळेला घ्यावेत. गोठवून पुन्हा वितळवलेल्या एनके पेशींची मारण्याची क्षमता घटते. शक्यतो ताज्या रक्तावर काम करावे, आणि ते अशक्य असल्यास आधीचे व नंतरचे दोन्ही नमुने सारख्याच पद्धतीने गोठवून, एकाच दिवशी वितळवून, रात्रभर विश्रांती देऊन एकत्र तपासावेत. संपूर्ण रक्तावर किंवा मिश्र पेशींवर बीसीजीचे उद्दीपन दिले असेल, तर इंटरल्युकिन-२ रोखणारे प्रतिपिंड घातलेली एक नळी प्रत्येक सहभागीसाठी स्वतंत्र ठेवावी, आणि त्या नळीतही एनके पेशींची वाढ टिकली तरच टी पेशींची मदत वगळल्याचे निबंधात लिहावे.